डोळ्याच्या पडद्याची शीर तुंबते तेव्हा: पहिल्या दिवसापासून पुढे काय करायचं

एका डोळ्यानं अचानक अंधूक दिसायला लागतं. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. बऱ्याच जणांना हे सकाळी उठल्यावर जाणवतं, तर काहींना चष्मा पुसताना चुकून एक डोळा मिटला जातो तेव्हा. दुखत नाही म्हटल्यावर घरात ठरलेली वाक्यं येतात: नंबर वाढला असेल, मोतीबिंदू पिकला असेल, मोबाइल कमी बघ. मग चष्म्याच्या दुकानात चक्कर होते आणि दोन-तीन आठवडे निघून जातात. पण चष्म्याचा नंबर असा एका रात्रीत बदलत नाही आणि मोतीबिंदू वर्ष-सहा महिन्यांत हळूहळू वाढतो. पन्नाशीपुढच्या माणसाला, त्यातही बीपी असलेल्याला, एकाच डोळ्यानं अचानक आणि न दुखता कमी दिसू लागलं, तर पडद्यावरची (रेटिनावरची), रक्त परत नेणारी शीर बंद झाली असण्याची शक्यता डोक्यात ठेवूनच पुढची पावलं टाकावीत.

त्याच दिवशी घरी काय बघायचं

लांबचा चष्मा लावा आणि एक डोळा तळहातानं हलकेच झाका, दाबू नका. समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातले मोठे आकडे वाचा. खिडकीचे गज सरळ दिसतात की मध्येच वाकलेले, ते पाहा. मग दुसरा डोळा झाकून हेच करा. धूसरपणा मधोमध आहे, खालच्या अर्ध्या भागात आहे की वरच्या, हे कागदावर लिहून ठेवा, कधी लक्षात आलं तेही लिहा. डॉक्टरांना याचा उपयोग होतो. पडद्यावर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे पडद्याच्या वरच्या भागातली शीर बंद झाली की माणसाला खालचं दिसत नाही. मुख्य शिरेला मिळणारी फांदीची शीर सगळ्यात जास्त वेळा बंद होते ती पडद्याच्या वरच्या, कानाकडच्या भागात. म्हणूनच ‘जिना उतरताना पायऱ्या पुसट दिसतात’ अशा तक्रारीनं सुरुवात होऊ शकते.

त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा.

इथे एक फरक जिवाचा आहे. काही क्षणांत डोळ्यापुढे पूर्ण अंधार झाला आणि समोरची बोटंही दिसेनाशी झाली, तर ती रक्त आणणारी रोहिणी बंद पडल्याची खूण असू शकते. हा डोळ्यातला पक्षाघातच समजतात आणि तिथे हिशेब तासांचा असतो. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. मेंदूच्या झटक्यावर उपचार होतात अशा मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात थेट जा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं यांपैकी काही सोबत असेल तर तसूभरही थांबू नका. डोळ्यापुढे विजा चमकणं, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटणं ही पडदा सरकण्याची लक्षणं आहेत, तेव्हाही त्याच दिवशी दाखवा. शीर बंद झाली असेल तर मिनिटांची घाई नसते, तरी दोन-तीन दिवसांच्या आत रेटिना तज्ज्ञानं डोळा तपासलेला असावा.

दरम्यान डोळ्यात मध, तूप, गुलाबपाणी घालू नका, चोळू नका. रक्त पातळ करायचं म्हणून स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका, त्यानं बंद झालेली शीर उघडत नाही. मात्र हृदयाच्या डॉक्टरांनी ती गोळी आधीच दिली असेल तर घाबरून बंदही करू नका.

आत नेमकं काय बिघडलेलं असतं

पडद्याला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी आणि रक्त परत नेणारी मुख्य नीला (म्हणजेच शीर) या दोघी दृष्टीच्या मज्जातंतूतून, एका चाळणीसारख्या अरुंद जागेतून, अगदी लगटून जातात. आत आल्यावर त्यांच्या फांद्या पडद्यावर पसरतात आणि जागोजागी एकमेकींना ओलांडतात. ओलांडण्याच्या ठिकाणी रोहिणी आणि नीला यांच्यावर मिळून एकच वेष्टण असतं. वर्षानुवर्षांच्या बीपीनं, वयानं, कोलेस्टेरॉलनं रोहिणीची भिंत कडक आणि जाड होते. त्याच वेष्टणातली पातळ भिंतीची नीला मग चेपली जाते. तिथे रक्त रेंगाळतं, भोवरे होतात आणि गुठळी धरते.

मोरीचं तोंड तुंबलं आणि नळ मात्र चालूच राहिला तर जे होतं तेच इथे होतं. येणारं रक्त येत राहतं, जाणारं अडतं. मागच्या बारीक केशवाहिन्यांतला दाब वाढतो, त्यांतून रक्त आणि पाणी पाझरून पडद्यात मुरतं. पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं तिथून होतं. तिथे पाणी साचून सूज आली की नजर उतरते. शिवाय प्राणवायू कमी पडलेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडू लागतो. त्यानं गळती आणखी वाढते आणि पुढे नको तिथे नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटू शकतात. आजच्या बहुतेक उपचारांचा रोख या प्रथिनावर आहे.

फांदीची शीर बंद झाली तर पडद्याच्या एका भागाला झळ बसते, मुख्य शीर बंद झाली तर सगळ्या पडद्याला. फांदीचा प्रकार कितीतरी जास्त आढळतो आणि सहसा त्यातून नजर बरी सावरते. जगभरच्या अभ्यासांवरून केलेल्या अंदाजानुसार २०१५ साली सुमारे २.८ कोटी लोकांना यांपैकी कुठला तरी त्रास होता. मधुमेहानं होणाऱ्या पडद्याच्या आजारानंतर पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा हाच सर्वाधिक आढळणारा आजार आहे, तरी घराघरांत त्याचं नावही कुणी ऐकलेलं नसतं.

तपासणीचा दिवस

सोबत कुणाला तरी घेऊन जा. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचं दिसत नाही, उजेड सहन होत नाही आणि गाडी चालवता येत नाही. चालू औषधांची यादी, बीपी-शुगरचे आकडे, जुना आणि नवा चष्मा, आधीचे डोळ्यांचे कागद एका पिशवीत घ्या.

थेंब घालण्याआधी तीन गोष्टी व्हायला हव्यात: प्रत्येक डोळ्याची नजर (६/६, ६/१२ अशी), डोळ्यातला दाब, आणि टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुलीची तपासणी. ही शेवटची साधी वाटते, पण पडद्याला रक्त किती कमी पडतंय याचा मोठा अंदाज तिच्यातून येतो, आणि एकदा थेंब घातले की ती करता येत नाही. त्यानंतर बाहुली मोठी करून पडदा पाहतात.

पुढची तपासणी ओसीटी. हनुवटी टेकवून उजेडाकडे बघायचं, काही मिनिटांत पडद्याच्या थरांचं छायाचित्र मिळतं. त्यावर मॅक्युलाच्या मध्याची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलेली असते. निरोगी डोळ्यात ती यंत्रागणिक थोडी वेगळी, साधारण २५० च्या आसपास भरते. सूज असली की ४००, ५००, कधी त्याहूनही वर जाते. हा कागद मागून घ्या आणि फाइलमध्ये तारखेनुसार लावा. पुढे इंजेक्शन द्यायचं की थांबायचं, हे ठरवताना नजरेच्या जोडीला हाच आकडा पाहिला जातो. शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणच्या यंत्रावर तपासणी करा, म्हणजे तुलना खरी होते.

अँजिओग्राफी म्हटलं की लोक हृदयाची समजून घाबरतात. इथे हाताच्या शिरेतून पिवळा रंग देतात आणि डोळ्याचे फोटो काढतात. थोडी मळमळ होऊ शकते. कातडी काही तास पिवळसर दिसते, लघवी दिवसभर गडद पिवळी-केशरी होते, त्यात काळजीचं काही नाही. कशाची अ‍ॅलर्जी असेल, गरोदरपण असेल तर आधी सांगा. पडद्यावर फार रक्त असेल तर फोटो नीट येत नाहीत, म्हणून कधी ही तपासणी काही आठवडे पुढे ढकलतात. रंग न टोचता करायची ओसीटी अँजिओग्राफीही आता अनेक ठिकाणी होते.

या सगळ्यानंतर डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: ‘हा इस्केमिक प्रकार आहे का?’ म्हणजे पडद्याचा मोठा भाग रक्ताविना राहिलाय का. मुख्य शीर बंद होऊन तसं झालं असेल तर बुबुळाच्या रंगीत पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवून डोळ्यातला दाब भयंकर वाढू शकतो. हा काचबिंदू बहुधा पहिल्या तीन-चार महिन्यांत गाठतो. त्यात डोळा दुखतो, लाल होतो आणि नजर कायमची जाऊ शकते. आज सौम्य असलेला प्रकार पुढे बिघडू शकतो, हेही लक्षात ठेवा. मुख्य शिरेच्या आजारावर अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात, सुरुवातीला रक्तपुरवठा ठीक असलेल्या डोळ्यांपैकी साधारण एकतृतीयांश डोळे तीन वर्षांत इस्केमिक झाले, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या चार महिन्यांतच. ‘काही विशेष नाही, महिन्यानं या’ असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्यातला महिना पाळायचा असतो.

डोळ्याच्या फाइलला बीपीची फाइल जोडा

माझ्या मते सगळ्यात जास्त हेळसांड इथे होते. डोळ्यावर हजारो रुपये खर्च करणारं घर बीपीच्या गोळीबाबत मात्र ‘काही त्रास तर होत नाही’ म्हणत ढिलाई करतं. बीपीचा त्रास जाणवत नाही, त्याचा परिणाम जाणवतो, आणि या माणसाला तो डोळ्यात जाणवला आहे. जी रोहिणी पडद्यावर कडक झाली तिच्याच जातीच्या वाहिन्या मेंदूत, हृदयात, मूत्रपिंडात आहेत.

म्हणून त्याच आठवड्यात फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनकडे जा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (शरीरात कुठे दाह आहे का ते सुचवणारी चाचणी), उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), ईसीजी एवढं साधारणपणे सांगतात. घरी यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत, पाठ टेकून बसून, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा आणि वहीत लिहा. बीपी जास्त आला म्हणून स्वतःच दोन गोळ्या घेऊ नका. दाब एकदम खाली आणणंही घातक असतं.

काचबिंदू असलेल्या डोळ्यात शीर बंद होण्याचा धोका जास्त असतो, तेव्हा दुसऱ्या डोळ्याचा दाबही तपासून घ्या. तंबाखू कुठल्याही रूपात असली तरी बंद करायची. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

वय पन्नाशीच्या आत असेल आणि बीपी-शुगर काही नसेल तर शोध थोडा खोल घ्यावा लागतो: होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, ते वाढणं रक्तवाहिन्यांना बरं नसतं), रक्त गोठण्याच्या प्रवृत्तीच्या चाचण्या, काही प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीच्या) चाचण्या. शुद्ध शाकाहारी घरांत बी१२ ची कमतरता सर्रास आढळते आणि तिनं होमोसिस्टीन वाढतं, म्हणून ही तपासणी आपल्याकडे विशेष कामाची. त्यावरचा उपाय स्वस्त आणि सोपा आहे. बाईमाणूस गर्भनिरोधक किंवा संप्रेरकांच्या गोळ्या घेत असेल तर संकोच न करता नेत्रतज्ज्ञांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दोघांनाही सांगावं.

उपचार: इंजेक्शन काय करतं आणि काय नाही

सूज मॅक्युलापर्यंत पोचली नसेल आणि नजर चांगली असेल तर नुसतं लक्ष ठेवणंही योग्य उपचार असतो. सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन.

लोकांची जवळपास सार्वत्रिक समजूत अशी की इंजेक्शनानं बंद शीर उघडते. तसं होत नाही. इंजेक्शन त्या व्हीईजीएफ प्रथिनाला अडवतं, गळती कमी होते, सूज उतरते आणि मॅक्युलाच्या पेशी वाचतात. दरम्यान डोळा आपल्या परीनं रक्ताला आडवाटा तयार करत असतो. त्याला महिने लागतात, कधी वर्ष, कधी त्याहून अधिक. औषधाचा असर मात्र चार-सहा आठवड्यांत ओसरतो. आडवाटा पुरेशा होईपर्यंत मॅक्युला कोरडा ठेवायचा, एवढ्यासाठी इंजेक्शनं पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. हे कळलं की ‘एवढी इंजेक्शनं देऊनही पाणी परत आलं’ या निराशेचं स्वरूप बदलतं. पाणी परत येणं हे औषध फसल्याचं लक्षण असेलच असं नाही. वाट अजून तयार झालेली नाही, एवढंच त्यातून बहुधा कळतं.

हे उपचार फार जुने नाहीत. १९८४ साली फांदीच्या आजारात लेसरनं फायदा होतो हे सिद्ध झालं. १९९५ साली कळलं की मुख्य शीर बंद असताना मॅक्युलावर लेसर करून सूज कमी झाली तरी नजर सुधारत नाही. २०१० मध्ये व्हीईजीएफला अडवणाऱ्या रॅनिबिझुमॅब या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या आल्या. दर महिन्याला इंजेक्शन घेतलेल्या फांदीच्या रुग्णांना सहा महिन्यांत तक्त्यावर सरासरी १८ अक्षरं जास्त वाचता आली, औषध न देता नुसतं इंजेक्शनचं नाटक केलेल्या गटाला ७. मुख्य शिरेच्या आजारात हेच आकडे साधारण १५ आणि १ असे होते. तक्त्याच्या एका ओळीत पाच अक्षरं असतात, म्हणजे सुमारे तीन ओळींचा फायदा.

आता रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट, अलीकडचं फॅरिसिमॅब आणि बेव्हासिझुमॅब अशी औषधं आहेत. बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कर्करोगाचं औषध आहे. डोळ्याच्या या आजारासाठी त्याची अधिकृत नोंद नसली तरी जगभर ते वापरलं जातं आणि खूप स्वस्त पडतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत मुख्य शिरेच्या आजारात सहा महिन्यांच्या निकालापुरतं ते अफ्लिबरसेप्टच्या तोडीचं ठरलं. त्याची एक बाटली अनेकांसाठी विभागून भरतात, म्हणून ‘हे कुठे आणि कसं भरलेलं आहे’ असं विचारण्यात गैर काही नाही. रॅनिबिझुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती अहमदाबादच्या इंटास कंपनीनं २०१५ साली आणली, त्यामुळेही खर्च उतरला. महागडं औषध एकदा घेऊन पैशाअभावी थांबण्यापेक्षा, परवडणारं औषध वेळेवर आणि पुरेसं घेणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं. डॉक्टरांशी पहिल्याच भेटीत सहा महिन्यांच्या खर्चाबद्दल मोकळेपणानं बोला.

दुसरा पर्याय स्टिरॉइडचा. डेक्सामेथासोनची बारीक कांडी डोळ्यात सोडतात, ती हळूहळू विरघळत तीन-चार महिने काम करते. वारंवार येणं जमत नाही किंवा नुकताच हृदयविकाराचा वा मेंदूचा झटका येऊन गेलाय, अशांसाठी तिचा विचार होतो. तिनं डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो, म्हणून काचबिंदूच्या रुग्णांना सहसा टाळतात. लेसर आजही लागतो, पण मुख्यतः नव्या ठिसूळ वाहिन्या फुटल्या तर.

इंजेक्शनचा दिवस

‘डोळ्यात सुई’ या शब्दांनीच अर्धी माणसं माघारी फिरतात, म्हणून सविस्तर सांगते. रांजणवाडी, डोळे आलेले, पापण्यांना खवले, दाताचा किंवा इतर कुठला जंतुसंसर्ग असेल तर आधीच सांगा, तारीख पुढे जाईल. बीपीची गोळी नेहमीप्रमाणे घ्या. रक्त पातळ करणारी औषधं मनानं बंद करू नका, या इंजेक्शनासाठी सहसा तशी गरज नसते. डोक्यावरून अंघोळ करून जा. काजळ, सुरमा नको.

ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा स्वच्छ खोलीत भुलीचे थेंब घालतात. मग पोव्हिडोन आयोडिननं पापण्या आणि डोळा धुतात. यानं चुरचुरतं, पण जंतुसंसर्ग टाळायला याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून छोटा चिमटा लावतात. सुई बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून जाते. औषध असतं ०.०५ मिलिलीटर, म्हणजे एक थेंब. सुई समोरून येताना दिसत नाही, दाब जाणवतो आणि काही सेकंदांत संपतं. त्या वेळी बोलू नका, डोकं हलवू नका. आमच्या घरच्या रुग्णाला खरी भीती प्रतीक्षेच्या बाकावरच वाटायची, म्हणून मी तरी सोबत गेलेल्यांना सांगेन: तिथे बसून दुसऱ्यांच्या बिघडलेल्या डोळ्यांच्या गोष्टी काढू नका.

घरी आल्यावर त्या दिवशी खडा गेल्यासारखं टोचतं, पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो, काळे बुडबुडे तरंगतात. हे काही दिवसांत जातं. दोन-तीन दिवस डोळ्यात नळाचं पाणी जाऊ देऊ नका, चोळू नका, शेतात किंवा धुळीत काम नको. मात्र पुढच्या आठवडाभरात दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली पसरली, उजेड खुपू लागला, नजर आणखी उतरली, तर रात्र असो की सणाची सुट्टी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग काही हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी होतो, पण झाला तर तासातासाला नुकसान करतो. निघण्याआधी रुग्णालयाचा तातडीचा फोन नंबर मागून फाइलच्या मुखपृष्ठावर लिहा.

तारखा आणि पैसे

सुरुवातीला दर महिन्याला भेट आणि बहुधा इंजेक्शन, नंतर ओसीटी पाहून अंतर वाढवत नेणं, अशी साधारण पद्धत असते. सगळ्यात घसरायची जागा पहिल्या किंवा दुसऱ्या इंजेक्शनानंतर येते. दिसायला लागतं, गावाकडे पेरणी किंवा घरात लग्न असतं, आणि तारीख हुकते. सूज पुन्हा चढते आणि दर वेळी मॅक्युलाच्या काही पेशी कायमच्या गमावल्या जातात. उशिरा दिलेल्या औषधानं पाणी उतरतं, पण नजर तितकी परत येत नाही. तालुक्याहून शहरात यावं लागत असेल तर तपासणी आणि इंजेक्शन एकाच दिवशी बसवता येईल का, हे विचारा. अनेक ठिकाणी तशी सोय करतात.

विम्याबद्दल: पूर्वी कंपन्या डोळ्यातलं इंजेक्शन ‘भरती नाही’ म्हणून नाकारत. विमा नियामकाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येत नाही त्यांची यादी आहे, तिच्यात हे इंजेक्शन आहे. कंपनी त्यावर वेगळी मर्यादा मात्र घालू शकते. पॉलिसीतला तो परिच्छेद वाचा आणि पहिल्या इंजेक्शनाआधी लेखी विचारा. खासगी खर्च झेपत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या नेत्रविभागात आणि धर्मादाय नेत्ररुग्णालयांत चौकशी करा.

नवा चष्मा कधी

सूज असताना काढलेला नंबर सूज उतरल्यावर बदलतो, म्हणून लागोपाठ दोन-तीन भेटींत ओसीटीची जाडी आणि नजर स्थिर आल्याशिवाय चष्मा करू नका. एका डोळ्याची नजर कमीच राहिली तर चांगल्या डोळ्याच्या रक्षणासाठी न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचा घ्या, नंबर नसला तरी. अंतराचा अंदाज चुकत असल्यानं काही महिने जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणारी रंगीत पट्टी चिकटवा, आणि दुचाकी चालवण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्या. दुसऱ्या डोळ्यालाही हा आजार होण्याची थोडी शक्यता उरते, म्हणून कालनिर्णयासमोर एकेक डोळा झाकून बघणं दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, चालू ठेवा.